ब्रेकवरचा पाय

कास्मीरची पिकप माझ्या दारात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मला भीतीबिती काही वाटली नाही, नुसता वैताग आला. बसा नीट, कंदिलाची वात जरा वर करा, म्हणजे सांगतो. छप्पन सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती आणि त्या दिवशी हरताळ होता. त्या वर्षी इतके हरताळ झाले की कुठला कशासाठी ते आता आठवत नाही. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवा होता हो, पण वर्षभर घोषणा देऊन माणूस दमतो. मी दमलो होतो.

गिरगावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं, मागच्या खोलीत मी आणि बायको राधा. कास्मीर दोन गल्ल्या पलीकडच्या वाडीत राहायचा. पाववाला. लढाईच्या वेळच्या त्या जुनाट पिकपमध्ये पाव भरून पहाटे लालबाग-परळपर्यंत पोचवायचा. गाडी चार तास उभी राहिली की बॅटरी मेलीच म्हणून समजा. दोनदा मी बॅटरी बदलली, डायनामो उघडून पाहिला, सगळं ठीक. तरी आपलं तेच.

"गंगाधर, आज काय ते शोधून काढ बाबा," कास्मीर म्हणाला. "एडनाला सकाळपासून कळा येतायत. टॅक्सी नाही, बस नाही. या गाडीने रस्त्यात दगा दिला तर मी काय करू?"

एडना म्हणजे त्याची बायको. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला कळा सुरू झाल्या की तडक परळच्या इस्पितळात आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एडनाची बहीण ज्युडिथ तिथेच नर्स होती. म्हणजे सगळी तयारी होती, फक्त ही खटारा गाडी चालायला हवी होती.

बॅटरी कोण खातंय ते शोधायची आमची रीत साधी आहे. बॅटरीची एक तार सोडायची आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद असेल तर तो पेटायला नको. पेटला तर वीज कुठेतरी चाललीय. मग एकेक तार सोडत जायची. जी सोडल्यावर बल्ब विझेल, तिथे चोर.

मी बल्ब जोडला. तो पेटला.

भर दुपार होती आणि गिरगाव चिडीचूप. ट्रामची घंटा नाही, फेरीवाला नाही. माझा पाना खाली ठेवल्याचा आवाज मलाच मोठा वाटत होता. हॉर्नची तार सोडली, बल्ब तसाच. पुढच्या दिव्यांची सोडली, डायनामोची सोडली, तरी तसाच. शेवटी ब्रेकच्या दिव्याची तार सोडली आणि बल्ब विझला. पुन्हा लावली, पेटला. मागे जाऊन पाहिलं तर तांबडा दिवा मंद जळत होता.

हा दिवा पॅडल दाबल्याशिवाय लागत नाही. मी दार उघडून आत वाकलो. शिळ्या पावाचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, ओल्या लोखंडाचा. सीटवर कोणी नव्हतं. पॅडल पार खाली गेलेलं होतं.

स्प्रिंग तुटली असेल म्हणून चाचपली. धड होती, चांगली ताठ. मी पॅडल हाताने वर ओढलं. ते सहज येईना. कोणाच्या बुटाखालून काहीतरी ओढून काढावं तसं जोर लावून काढावं लागलं. हात सोडला, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू... पुन्हा खाली गेलं.

कास्मीर माझ्या मागे उभा होता.

"जानेवारीपासून होतंय हे," तो हळूच म्हणाला. "त्या दिवसापासून."

मला ठाऊक होतं तो कुठल्या दिवसाचं बोलतोय. जानेवारीत गोळीबार चालला होता तेव्हा मी याच गाडीत, त्याच्या शेजारी होतो. लालबागच्या एका कोपऱ्यावर एक माणूस रस्त्यात आला. दोन्ही हातांनी पोट धरलेलं. एक हात सोडून त्याने आम्हाला थांबायची खूण केली. इस्पितळ तिथून पाच मिनिटांवर. कास्मीरचा पाय ब्रेककडे गेला आणि मी म्हणालो, थांबू नको. मीच म्हणालो. त्याला वळसा घालून आम्ही निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तिथला रस्ता धुतलेला होता. पुढे आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. आज तुम्हाला सांगतोय तर लाजच वाटतेय.

"एडनाला घेऊन ये," मी म्हणालो. ब्रेकच्या दिव्याची तार सोडून टाकली, तिला पट्टी गुंडाळली आणि माझ्याकडची भरलेली बॅटरी बसवली. पॅडल पुन्हा वर ओढलं. या वेळी ते राहिलं. गाडी एका दमात सुरू झाली.

पुढे ती दोघं बसली, मी मागे रिकाम्या पोत्यांवर. रस्ते ओस. सगळं सुरळीत चाललं होतं. लालबागचा तो कोपरा आला आणि पिकप गचकन थांबली.

"गंगाधर..." कास्मीरचा आवाज आला. "मी दाबला नाही रे."

इंजिन चालू होतं. त्याने गियर टाकला, गाडी नुसती थरथरली. आत एडना कण्हत होती, "कास्मीर, चल ना... चल ना रे." मी खाली उतरलो. काय करायचं ते मला कळलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मागची फळी पाडली.

"या," मी म्हणालो. "चुकलं आमचं. बसा."

मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या करकरल्या आणि पिकप मागून चांगली चार बोटं खाली बसली. आणि ब्रेक सुटला. मला पुन्हा मागेच चढावं लागलं, पुढे जागा नव्हती. पाच मिनिटांचा रस्ता. मी फळीला टेकून, अंग चोरून बसलो होतो. तो ओला वास आता अगदी शेजारी होता.

ज्युडिथ फाटकाशीच होती, एडनाला लगेच आत नेलं. तासाभरात मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी मात्र फळी पाडून बाहेर उभा होतो. "इस्पितळ आलं," मी दोनदा म्हणालो. पाट्या वर आल्या नाहीत. इस्पितळाचा त्याला आता काय उपयोग, हे माझ्या उशिराच ध्यानात आलं.

कास्मीर तिथेच राहिला. गाडी तू घेऊन जा म्हणाला. मागचा उतरलाच नाही, हे त्याला काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? मी एकटाच निघालो. हो, त्या पिकपची बॅटरी पुन्हा कधी मेली नाही, हे सांगायचं राहिलं. पुढे आठ वर्षं चालली ती गाडी.

दिवेलागणीला गॅरेजसमोर गाडी लावली, खाली उतरलो आणि फळी पाडली. पाट्या करकरल्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून गाडी सावकाश वर आली, दुखणाइताने जपून उतरावं तशी. मी वळून दाराकडे निघालो.

राधा दिवा लावून दारात आली. माझ्या खांद्यावरून मागे पाहत तिने पदर सावरला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "पाहुण्यांना आत तरी घ्या... असे पोट धरून का उभे आहेत ते?"