रांजणझाडाची झोप

मंगळावरच्या आमच्या घुमटाखालच्या वस्तीत पाणी सांडणाऱ्याकडे लोक चोराकडे बघावे तसे बघतात. पेल्याच्या तळाशी घोटभर पाणी उरले, तर ते वस्तीच्या दारातल्या कुंडीतल्या रांजणझाडाला घालायचे, ही इथली रीत. बुडाशी गरगरीत फुगलेले हे झाड कृत्तिकाने बीपासून वाढवले होते. कमी पाण्यावर जगणारे वस्तीत तेवढे एकच. ते टिकले, तरच त्याची रोपे करून नव्या घुमटात बाग उभी राहणार होती.

गारठ्याचे दिवस आले आणि झाडाची सगळी पाने गळाली. लोकांना कळवळा आला, पेल्यांमागून पेले रिते झाले. तरी खोड मऊच पडत गेले.

"आजोबा, एवढं पाणी घालूनही ते सुकतंय!" कृत्तिका रडवेली झाली होती.

तिचे आजोबा वस्तीचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी खोड दाबून पाहिले. "सुकलं असतं तर सुरकुतलं असतं. हे कुजतंय. सांग बरं, झाड पाणी वर ओढतं कशाच्या जोरावर?"

"पानांच्या. पर्णरंध्रांतून (पानांवरच्या बारीक छिद्रांतून) वाफ बाहेर जाते, तसं खालून पाणी वर येतं."

"आणि पानंच नसतील तर?"

कृत्तिकाने कुंडीतल्या मातीत बोट खुपसले. "मग पाणी कुंडीतच राहील."

"राहतं. मातीतल्या हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. अगं, याचा साठा खोडातच असतो. गारठ्यात ते सुप्तावस्थेत (झाडाच्या झोपेत) जातं, तेव्हा साठा उडून जाऊ नये म्हणून पानं स्वतःच टाकतं. आपण झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतत बसलो!"

"वाचेल का?"

"सांगता येत नाही. कुजकं सगळं कापावं लागेल. झाड तुझं आहे, सुरी तू धर."

काळा गर संपून पांढरा लागेपर्यंत तिने मुळे कापली. जखम सावलीत वाळू दिली आणि झाड कोरड्या जाड वाळूत उभे केले. त्यानंतर करायचे काहीच नव्हते, आणि तेच तिला सर्वांत जड गेले. शेजारी म्हणाले, "पोरीचं काळीज दगडाचं आहे!" तिला फार लागले, पण तिने कुणाला थेंबही घालू दिला नाही.

घुमटात पुन्हा ऊब आली. एका सकाळी फांदीच्या टोकाला हिरवे काहीतरी दिसले.

"आजोबा, पान!"

आजोबांनी चष्मा सावरून पाहिले. "जागं झालं. नव्या घुमटात वाफे आखायला सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी पाण्याने भरलेला पेला तिच्या हातात दिला.