बाटल्या भरायच्या खोलीतला धूर

आधीच सांगतो, सासऱ्यांच्या चहात रबराची पाल सोडणारा माणूस आहे मी. पण ही थाप नाही. हे खरंच घडलंय. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत. गेल्या वर्षी, रविवारी, भर दुपारी तीन वाजता.

मेहुणा, म्हणजे आमच्या घरात सगळ्यांचाच मामा, इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीत व्हॅलिडेशन इंजिनीअर. यंत्र चालतं हे सगळ्यांनाच दिसतं. ते दर वेळी तस्संच चालतं, हे कागदावर सिद्ध करणं हे त्याचं काम. बाकी चावटपणात तो माझा गुरू.

त्या दिवशी कंपनी बंद होती. बाटल्या भरायच्या नव्या खोलीची धुराची चाचणी होती.

या खोलीत छतातून गाळलेली गार हवा खाली येते. हवा दिसत नाही, म्हणून वरून पांढरा धूर सोडायचा. धूर पडद्यासारखा सरळ खाली आला तर पास. कुठे वळला तर नापास. सलग तीन फेऱ्या, मग मामाची सही.

आणि सही झाली की सोमवारपासून त्या खोलीतल्या स्टुलावर बसणार होती ठमी. माझी मुलगी. तिची पहिलीच नोकरी.

काचेबाहेर कॅमेरा घेऊन तीच उभी होती. आत मामा एकटा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, फक्त डोळे उघडे.

"मामा, मैद्याचं पोतं दिसतोयस!" ठमी माइकवर म्हणाली.

"पोतं असेल तुझा बाप. कॅमेरा सरळ धर."

पहिली फेरी. धूर सुटला. सरळ... सरळ... अगदी सरळ...

आणि कोपऱ्यात दुभंगला.

मधे रिकामी जागा राहिली. माणसाएवढी. वरती गोल, खाली रुंद.

धूर कुणाच्या तरी खांद्यांवरून ओघळत होता.

मामा कोपऱ्यात गेला. हात फिरवला. काही नाही. भिंत, बस्स.

"ठमे, काचेवर काही चिकटवलंयस का? बापाचे गुण दाखवू नकोस."

"नाही रे मामा! आईशप्पथ!"

दुसरी फेरी. कोपऱ्यात धूर सरळ पडला. मामाच्या जिवात जीव आला. इतक्यात...

धूर टेबलापाशी फाटला. दोन पावलं अलीकडे.

ठमीनं क्वालिटीच्या मॅडमना फोन लावला आणि माइकपाशी धरला.

"मॅडम, आत कोणीतरी आहे," मामा म्हणाला.

"मागच्या महिन्यात फ्रीजरमध्ये प्लास्टिकचा हात तुम्हीच ठेवला होतात ना? आणि आता भूत? तिसरी फेरी करा आणि घरी जा."

फोन कट.

तिसरी फेरी. कोपरा... सरळ. टेबल... सरळ. अख्खी खोली सरळ!

"गेलं गं बाई!" मामा ओरडला. "पास!"

ठमी काचेला नाक लावून बघत होती.

"ठमे?"

"मामा..." ती माइकपाशी कुजबुजली. "तुझ्याभोवतीचा धूर खूप रुंद फाटतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे... दोघं उभे असल्यासारखा."

मामानं मागे वळून पाहिलं नाही. तो कसा बाहेर आला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

त्यानं सही केली नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, "नापास. कारण कळलं नाही."

मॅडमनी व्हिडिओ पाहिला. शांतपणे म्हणाल्या, "माणसाभोवती धूर वळणारच हो. आत दोघांना परवानगी आहेच. फक्त तुमच्या जोडीदाराला एका जागी उभं राहायला सांगायचंत ना."

"मॅडम, मी एकटा होतो."

त्या हसल्या. सही दुसऱ्या इंजिनीअरनं केली.

मामा आमच्याकडे येऊन हातापाया पडला, पोरीला पाठवू नका म्हणून. ठमीही घाबरली होती. पण पहिली नोकरी सोडायची, तर कारण काय सांगायचं? मीच म्हटलं, जा गं, काही नसतं.

आठ महिने झाले. खरंच काही झालं नाही.

परवा मामा आला होता. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "काय गं ठमे, कसं चाललंय?"

"मस्त! बाकीच्या पोरी कुरकुरतात. वरून सतत गार झोत येतो, मान आखडते म्हणतात. मला नाही बाई लागत."

मामानं हातातला कप खाली ठेवला.

"का नाही लागत?"

"काय माहीत. कुणीतरी वरून वाकून आडोसा धरल्यासारखं वाटतं."

कोण जाणे का, पण मी विचारलं, "किती वरून?"

तिनं डोक्यावर हात उंच धरून दाखवला.

"आधी बरंच वरून वाटायचं, बाबा. हल्ली... अगदी केसांपाशी."

उद्या सोमवार. सकाळी सातची पाळी आहे तिची.