दोन ठोक्यांचं काम

"ओ बाई, थांबा जरा! तुमच्या सायकलीत कोणी तरी कण्हून राहिलं..."

अरुंधतीनं करकचून ब्रेक दाबला. डिसेंबरातली सकाळ, शहात्तरचं साल, हातगाड्यांनी गच्च भरलेली इतवारीतली गल्ली – आणि भर रस्त्यात एका अनोळखी माणसानं आपल्याला असं हटकावं? तिनं रागानं मान वळवली. सायकलदुरुस्तीच्या चिंचोळ्या दुकानाच्या दारात एक उंच, सावळा तरुण पाना घेऊन उभा होता. गंमत म्हणजे तो तिच्याकडे बघतच नव्हता. मान तिरकी करून सायकलीचं ऐकत होता! त्याचा तिला जरा जास्तच राग आला. का, ते मात्र कळलं नाही.

"मला शाळेत शिकवायचंय. उशीर होतोय."

"मंग संध्याकाळी या. पण या."

आवाज होता खरा. महिनाभर सायकल 'कट्... कट्' करत होती. तो ऐकून सातवीच्या मुली, बाई फाटकात शिरायच्या आधीच शहाण्यासारख्या वह्या उघडून बसत. धरमपेठेतल्या घरी तिचे वडील, आप्पा, तर कावले होते. "विकून टाकू ही कटकट," ते रोज म्हणत, "तुला मोपेड घेऊ."

संध्याकाळी ती गेली. त्याचं नाव जागेश्वर. दुकानाच्या मागं गोणपाटाचा पडदा, अन् पडद्याआड त्याचे वडील बाबनराव हातमागावर लुगडं विणत. दिवसभर खटक्-खटक् चाले. जागेश्वरनं माग सोडून सायकली धरल्या होत्या, पण कान विणकराचाच राहिला होता.

"धागा तुटाच्या आधी माग वेगळा बोलते," तो म्हणाला. "सायकलचंही तसंच हाये. आयकून घ्या लागते."

त्यानं सायकल स्टँडवर चढवली, पायडल गरगर फिरवलं. आवाज नाही! पुन्हा फिरवलं. सायकल गुपचूप.

"तुम्ही बसल्याबिगर हे बोलत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे दोष माझा?"

"दोष कायचा? वजन पडलं म्हणजे..."

"वजन?"

जागेश्वर कानापर्यंत लाल झाला. अरुंधतीनं ओठ घट्ट मिटून हसू आवरलं.

तर आवाज शोधायचा म्हणजे तिनं सायकल चालवायची आणि त्यानं दुसऱ्या सायकलवर शेजारून जायचं, असं ठरलं. चौकापर्यंत जायचं अन् परत यायचं. तो सांगे, "पायडल मारणं थांबवा. बंद झाला ना आवाज? मंग चाकात नाही. आता सीटवरून उठा... तरी येऊन राहिला? मंग सीटमध्ये नाही." ती विद्यार्थिनीसारखी सगळं करी. एके दिवशी त्यानं मडगार्ड आवळलं, दुसऱ्या दिवशी चेनकव्हर सरळ केलं, तिसऱ्या दिवशी सीटच्या स्प्रिंगला तेल दिलं. तिच्या कधी कानावरही न आलेले बारीकसारीक आवाज पळाले. कट्... कट् मात्र जागच्या जागी!

आख्ख्या गल्लीच्या सायकली चुटकीसरशी नीट करणाऱ्या माणसाला एवढं एक जमू नये? अन् रोज सकाळी तो कट् ऐकू आला, की आपल्याला हायसं का वाटावं? अरुंधतीला स्वतःचंच काही उमजेना.

आणखी एक होतं. दोघांचं बोलणं जरा रंगलं, त्यानं विचारलं, "मोगरा आवडते काय तुम्हाले?" – की पडद्याआडचा माग नेमका थांबे.

"बाबा, धागा तुटला काय?" जागेश्वर ओरडे.

"नाही गा. बसलो होतो जरासाक."

आणि पुन्हा खटक्-खटक् सुरू.

असे पंधरा दिवस गेले. शुक्रवारी सकाळी आप्पांनी जाहीर करून टाकलं, "गिऱ्हाईक रविवारी सायकल न्यायला येतंय. मोपेड ठरवली."

अरुंधती पोहे चिवडत बसली. आवाज राहिला, तर सायकल जाणार. सायकल गेली, की त्या दुकानात जाणं संपलं. बरं, आवाज गेला, तर सायकल राहील... पण मग दुकानात जायचं कशाला? दोन्हीकडून तेच! गणित शिकवणाऱ्या बाईला हे गणित काही सुटलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. रस्त्यानं जाता जाता तिनं त्यानंच शिकवलेली तपासणी सुरू केली. पाय थांबवले, आवाज बंद. सीटवरून उठली, आवाज चालू. मग फक्त उजव्या पायानं जोर दिला... कट्! ती उतरली, वाकली. पायडलचा दांडा आसाशी धरून ठेवणारी ती बोटाएवढी कॉटर पिन. दांडा दाबून हलवला, तर पिनेपाशी तो डुगडुगत होता.

हे तर सातवीतल्या पोरीलाही सापडलं असतं! मग त्याला...?

ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. फसवलं आपल्याला! राग आला, चांगलाच आला. पण मग हसू का येतंय? आणि डोळे का भरून आले?

शाळा सुटल्यावर ती तडक दुकानात गेली.

"कॉटर पिन," ती म्हणाली.

जागेश्वरच्या हातातला पाना खाली पडला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तुम्ही पहिल्या दिवशी गल्लीत शिरल्या... तवाच."

"मग दुरुस्त काहून नाही केली?" रागाच्या भरात तिच्या तोंडून 'का'च्या जागी त्याचाच 'काहून' निघाला.

"दोन ठोक्यांचं काम होतं, बाई. पिन निसटू नये म्हणून रोज नट तेवढा आवळून देत होतो. पण ठोके मारले असते... तं दुसऱ्या दिवशी आल्या असत्या तुम्ही? धरमपेठेतल्या मोठ्या घरच्या बाईले मी काय म्हणून बोलावू?"

पडद्याआडचा माग थांबला.

"आणि याच आवाजापायी उद्या सायकल विकताहेत आप्पा. मग?"

त्याचा चेहरा उतरला. सदऱ्याच्या खिशातून त्यानं नवी कोरी पिन काढली. पंधरा दिवस ती खिशातच होती! जुनी पिन काढली, नवी बसवली. ठक्. ठक्. नट आवळला.

"चुकलो," तो खाली बघत म्हणाला. "आता नाही बोलणार ती."

अरुंधती घरी निघाली. सायकल चिडीचूप. इतका शांत रस्ता तिला कधी इतका लांब वाटला नव्हता. अंगणात पेपर वाचत बसलेले आप्पा दचकले. "तू कधी आलीस?" रविवारी गिऱ्हाईक चहा पिऊन हात हलवत परत गेलं.

सोमवारी संध्याकाळी ती गल्लीत शिरली. जागेश्वर रस्त्याकडे पाठ करून चाकाच्या तारा ओढत होता. आवाजच नाही, तर त्याला कळणार कसं?

"मी आले," ती म्हणाली.

तो धडपडत उठला. "काय झालं? पुन्हा आवाज?"

"नाही."

"ब्रेक?"

"नाही. हवाही भरलेली आहे."

"मंग?"

"काही बिघडलेलं नाही... तरी आले." तिचे गाल तापले होते, पण तिनं नजर खाली केली नाही. "काहून, ते आता तुम्ही शोधा. कान चांगले आहेत ना तुमचे?"

जागेश्वर बघतच राहिला. या वेळी सायकलीकडे नाही, तिच्याकडे.

"अरुंधतीबाई, मले... मले तुम्ही..."

माग थांबला.

"बाबा!" जागेश्वर कासावीस होऊन ओरडला. "धागा तुटला काय?"

"नाही गा," पडद्याआडून बाबनराव म्हणाले. "तू पुरं बोल."