शिशाची पेटी

“पेटी उघडायचा नाही!” दोन्ही हात पसरून वृंदा पेटीसमोर आडवी उभी राहिली.

खिदिरपूरच्या गोदीतला कस्टमचा तरुण अधिकारी थबकला. टेबलावरच्या पाटीवर ‘चारुदत्त राजवाडे’ वाचलं म्हणूनच ती मराठीत बोलली होती. पण जन्म कलकत्त्यातला, मराठी फक्त घरात… घाईत घोटाळा व्हायचाच.

“उघडायची नाही,” तो हसू दाबत म्हणाला. “पेटी – ती. आहे काय तिच्यात?”

“तांब्याचे तुकडे. तीन महिने विलायतेतल्या अणुभट्टीत होते. न्यूट्रॉन आत घुसून अणूंना जागेवरून ढकलतात. वरून तांबं तसंच दिसतं, पण कडक होतं. किती, ते मला मोजायचंय. इथं उघडलीत तर हमालांना किरणांची बाधा होईल.”

मोठे साहेब ‘उघडाच’ म्हणून बसले होते. चारुदत्तनं तिच्या घामेजल्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि पेटी न उघडता सोडायच्या कागदावर स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकली.

“तपासणी मात्र करावी लागेल. तुमच्या प्रयोगशाळेत येऊन करीन.”

तो आला. पुढच्या शनिवारीही आला. त्याच्या पुढच्याही.

“एका पेटीला किती तपासण्या हो?” शिशाच्या आडोशामागे लांब चिमट्यानं तुकडे घासत वृंदानं विचारलं.

“माल संशयास्पद आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “आणि तपासनीस… त्याहून.”

ती इतकी लाजली, की हातातला चिमटा खाली पडला.

चौथ्या शनिवारी मोजमाप होतं. यंत्रातलं हिऱ्याचं टोक तिनं आधी साध्या तांब्यावर दाबलं, मग भट्टीतून आलेल्यावर. सूक्ष्मदर्शकातून खळगा मोजून ती आकडे सांगायची, तो वहीत उतरवायचा. वर्षभर ज्यासाठी धडपडली, ते समोर होतं – दुसऱ्यावरचा खळगा कितीतरी लहान!

“कडक झालंय! राजवाडे, बघा ना –”

त्यानं पाहिलं, हसला. मग हळूच म्हणाला, “माझी बदली झालीय. विशाखापट्टणमला. सोमवारी निघायचं.”

पुढचा आकडा वृंदाला दिसेचना. डोळे पुसून तिनं पुन्हा पाहिलं, तरी धूसरच.

“मला इथलं काम सोडता येणार नाही,” ती म्हणाली. “अजून वर्ष लागेल.”

“सोडा म्हटलं का मी?”

“काहीच म्हणत नाही तुम्ही! चार शनिवार नुसत्या तपासण्या करताय…”

चारुदत्तनं टाक खाली ठेवला. कस्टमच्या साहेबासमोर न कापलेला त्याचा आवाज आता कापत होता.

“वर्षभर थांबेन मी. मग… लग्न कराल माझ्याशी?”

“करीन.” ती रडता रडता हसली. “उद्या घरी या. बाबा रविवारी खुशीत असतात. पण आत्ता टाक उचला – अकरा तुकडे राहिलेत.”

त्यानं टाक उचलला. फक्त डाव्या हातात. उजवा तिच्या हातात होता.