दोन ठोके

आमच्या रेल्वे साईडिंगला सिमेंट पोत्यांतून येत नाही, सुटं येतं, बंद हॉपर वॅगनमधून. खालून हवा सोडली की ते पाण्यासारखं पाइपातून कोठाराकडे पळतं. हवा सोडणं माझं काम. त्याआधी लाकडी मोगरीने वॅगनच्या पोटावर तीन ठोके मारायचे. आत कोणी साफसफाईला उतरलेलं असेल, तर तो दोन ठोके परत देतो. मग व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. बावीस वर्षं हा नियम मी डोळ्यांत तेल घालून पाळला.

माझं मनगट एकदा मोडलंय, त्यामुळे शेवटचा ठोका रेंगाळतो. वॅगन आतून खरवडायला माझा मेहुणाच होता, तो त्यावरून मला छळायचा. "भाऊजी, तुमचा शेवटचा ठोका येईपर्यंत माझा चहा पिऊन होतो!" त्याचं सगळंच घाईचं. त्याचे दोन ठोके एकमेकांना चिकटून यायचे.

गेल्या वर्षी गंजक्या शिडीची एक वॅगन आली, काठोकाठ भरलेली. मी तीन ठोके मारले. आतून दोन आले, चिकटून.

मी वळून पाहिलं. मेहुणा माझ्या मागेच हातमोजे झटकत उभा होता.

वर चढून झाकण उघडलं. सपाट सिमेंट, त्यावर बोटाचासुद्धा ठसा नाही.

"कान तपासून घ्या, भाऊजी," मेहुणा म्हणाला, पण हसला नाही.

ती वॅगन दर आठवड्याला यायची आणि दर वेळी उत्तर द्यायची. दर वेळी आम्ही वर चढून बघायचो. पत्रा तापून वाजत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चौथ्या खेपेला साहेब वैतागले. "अख्खी गाडी खोळंबते तुमच्यापायी. तिचं तसंच आहे, सोडा हवा."

सोडली. काही झालं नाही.

पाचव्या खेपेला, जेवणाच्या सुट्टीनंतर, तळाशी चिकटलेल्या मालासाठी पुन्हा हवा सोडायची होती. झाकण बंद होतं. मी तीन ठोके मारले. दोन आले, चिकटून. तिचं तसंच आहे, असं म्हणत मी व्हॉल्व्ह फिरवला.

मग आतले ठोके थांबेनात.

व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं. मेहुणा घाईघाईत जेवून, कोणाला न सांगता आत उतरला होता. झाकण कोणी लावलं, हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही.

बायकोने एवढंच विचारलं, "त्याने ठोकलं नव्हतं?"

"नाही ठोकलं," मी खोटं बोललो.

त्यानंतर ती वॅगन गप्प झाली. ठोके मीच मारतो, आणि मेहुण्याच्या जागी कोणी टिकत नाही म्हणून खरवडायलाही मीच उतरतो.

आज सकाळी नवीकोरी वॅगन आली, रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता. मी तीन ठोके मारले.

आतून एक आला.

मी वाट पाहत राहिलो.

मग, रेंगाळत, दुसरा.