नखाएवढं टोक

बसा असे जवळ. ती ट्यूब घालवा, बाहेरचा उजेड पुरे. ऋचा, तुला आत जायचं तर आत्ताच जा. मग गोष्ट संपल्यावर ‘काका, लिफ्टपर्यंत सोडा’ म्हणायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

तर प्रबोध. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. मरीन इंजिनीअर, बोटीवरची नोकरी सोडून इथे ऑफिसात बसलेला. यिशुनला सातव्या मजल्यावर फ्लॅट, बायको मधुवंती आणि सहा वर्षांची मुलगी उल्का. पोरगी धट्टीकट्टी. दमा नाही, खोकला नाही, काही नाही. हे लक्षात ठेवा, नंतर कुणी डॉक्टरकी करायला नको.

या प्रबोधला तिरंदाजीचं वेड लागलं. लावलं ते मनोहरने. मनोहर जुना शिकारी, त्याच्याच ऑफिसातला. सीमेवरच्या पुलापलीकडे जोहोरमध्ये, कुलाईच्या बाजूला, एका ओळखीच्या माणसाकडे ऑईल पामची इस्टेट होती. रानडुकरं कोवळी रोपं उकरून टाकत, म्हणून तो या दोघांना बोलवायचा. धनुष्यबाण सगळं तिथेच, बंगल्यावर कुलपात. पूल ओलांडून इकडे काडीसुद्धा यायची नाही.

मनोहरचं म्हणणं साधं होतं. धनुष्य आपल्याला शांतपणे पेलेल तेवढंच घ्यायचं. बाण मात्र जड हवा, आणि पातं दोन धारांचं, मनगटावरचे केस उतरतील असं. जड बाण हळू जातो, पण बरगडीला भीक न घालता आरपार जातो. जनावर दहा पावलं चालतं आणि बसतं, त्याला कळतही नाही. “आणि नाहीच नीट लागला,” मनोहर म्हणायचा, “तर मागावर जायचं. रात्र झाली तरी जायचं. अर्धं सोडून घरी यायचं नाही.”

पण आमचा प्रबोध पडला इंजिनीअर! म्हणे, ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही. तेव्हा बाण हलका, वेग जास्त. कागदावर गणित मांडून दाखवलं पठ्ठ्याने. धनुष्य घेतलं साठ पौंडी, पूर्ण ओढलं की कोपर लटलट कापायचं. बाण घेतले सडपातळ, पाती पातळ, टोकाला सुईसारखी. मनोहर म्हणाला, “हे टार्गेटला ठीक आहे रे, जिवाला नाही.” प्रबोध हसला.

आता ती रात्र. १९९४ ची नारळी पौर्णिमा, एकवीस ऑगस्ट, रविवार. नेमका तोच इथल्या चिनी लोकांचा भुकेल्या भुतांना जेवू घालायचा दिवस. सकाळी निघताना मधुवंती म्हणाली, “श्रावणात कसला जीव घेतोस? जायचंच असेल तर जा, पण येताना दोन नारळ आण आणि वेळेवर ये. नारळीभात गरम खायचा असतो.”

“आणतो गं,” म्हणाला आणि गाडी काढली. मनोहरला त्या दिवशी ड्यूटी होती, हा एकटाच गेला.

संध्याकाळी, उजेड जाता जाता, एक मादी ओढ्यापाशी आली. नीट आडवी उभी नव्हती, जरा तिरकी. मनोहर असता तर थांब म्हणाला असता. याचं कोपर कापायला लागलं होतं, धरवेना. सोडला बाण.

उजव्या बरगडीवर लागला. खट् असा आवाज झाला आणि बाण बोटभर आत जाऊन अडकला. मादी ओरडली नाही. तिने नुसतं वळून बघितलं. मग बाणासकट झाडीत शिरली.

प्रबोध झाडीच्या तोंडाशी गेला. आतून श्वास ऐकू येत होता. दोन आखूड... मग थांबायचा... मग परत दोन. त्याने घड्याळ बघितलं. रविवारची संध्याकाळ, पुलावर गाड्यांची ही रांग लागणार. घरी नारळीभात. “मरेल आपोआप,” असं स्वतःशी म्हणाला आणि निघाला. नारळ मात्र आठवणीने घेतले!

जेवणं झाली. ब्लॉकखाली डब्यांत भुतांसाठी कागद जळत होते, धूर वर येत होता. उल्का भात अर्धा टाकून झोपली.

मध्यरात्रीच्या सुमाराला मधुवंतीने त्याला हलवून उठवलं. “अरे, ही बघ कशी करतेय.”

दोन आखूड श्वास... मग थांबायचा... मग परत दोन.

प्रबोध ताडकन उठला. पोरीला उचललं, टॅक्सी केली, नोव्हेनाला हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर तरुण होती, जिवाच्या आकांताने धडपडली. मास्क लावला, इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला. फिल्म उजेडाला धरून म्हणाली, छाती स्वच्छ आहे. पण उजव्या बाजूला हवाच जात नाही. का जात नाही ते कळत नाही.

“धुराने झालं असेल का हो?” मधुवंती विचारत राहिली. बाप कॉटजवळ पोरीचा हात धरून बसलेला. त्याच्या हातात काही नव्हतं.

आणि उल्का बोलली. डोळे मिटलेले.

“पप्पा... पानं टोचतायत.”

“कुठली पानं, बाळा?”

मग मास्कच्या आतून, अगदी हळू...

“हाऊ कम यू नेव्हर कम फाइंड मी?”

शोधायला का नाही आलास, असं विचारत होती. आणि तिचा हात तर त्याच्याच हातात होता.

प्रबोध बाहेर आला, फोनच्या डब्यात नाणी टाकली, मनोहरला उठवलं आणि कुठे आहे ते सांगितलं. “मनोहर, एका फुफ्फुसावर जनावर किती वेळ जगतं रे?”

मग मनोहर म्हणाला, “सोडून आलास?”

“...हो.”

“खाली उभा राहा. येतो.”

मधुवंतीने त्याची बाही धरली. “हिला अशी टाकून कुठे निघालास?” त्याने बाही सोडवली. ती ज्या नजरेने बघत राहिली ती तो जन्मात विसरला नाही.

पूल ओलांडला. इस्टेट. टॉर्च. बंगल्यावरून मनोहरने स्वतःचं धनुष्य घेतलं, हलकं, आणि एकच जड बाण. पानांवर रक्त होतं, फेसाळ, गुलाबी. त्या मागावर दोघं वाकून चालले. चांदणं लख्ख होतं, पण झाडाखाली पोचत नव्हतं.

मग ऐकू आलं.

दोन आखूड... थांबला...

मादी सुक्या झावळ्यांत पडली होती. पळाली नाही. टॉर्चकडे बघत राहिली. वाट बघत असल्यासारखी.

“मनोहर, तू मार. माझे हात...”

“तुझं अर्धं राहिलंय. तूच पुरं कर.”

प्रबोध रडत होता, मनोहर सांगतो. रडतच त्याने दोरी ओढली. ओढल्यावर मात्र कोपर कापलं नाही.

बाण आरपार गेला. एक लांब श्वास... आणि मग काही नाही. रानकिडेही गप्प.

त्याच वेळी नोव्हेनाला उल्का उठून बसली आणि भात मागायला लागली. डॉक्टरने नोंदवलेली वेळ आणि मनोहरच्या घड्याळातली वेळ एकच. याला योगायोग म्हणा, काही म्हणा.

पण निघण्याआधी मनोहरने प्रबोधचा तो सडपातळ बाण बरगडीतून ओढून काढला होता. पात्याचं टोक नव्हतं. नखाएवढा तुकडा मोडलेला. जखमेत बोट घालून बघितलं, माती चाळली, झावळ्या उलटल्या. तुकडा मिळाला नाही. प्रबोधने धनुष्य तिथेच मोडलं आणि पुन्हा पूल ओलांडून गेला नाही.

हसतोस काय तन्मय? पुरतं ऐक.

गेल्या मे महिन्यात ते सगळे पुण्याला निघाले, तेव्हा चांगी विमानतळावर मनोहर सोडायला गेला होता. उल्का आता अकरा वर्षांची. ती तपासणीच्या चौकटीतून गेली की चौकट वाजते. दर वर्षी. बूट काढले, पट्टा काढला, क्लिपा काढल्या, तरी वाजते. मग ती बाई हातातलं यंत्र फिरवते आणि ते उजव्या बरगडीवर येऊन ओरडतं. कातडीवर ओरखडा नाही. एक्स-रे आजही स्वच्छ. बाई चक्रावते, पुन्हा फिरवते, शेवटी जा म्हणते.

प्रबोध त्या वेळी तोंड फिरवून उभा असतो. पोरीला त्याचं काही नाही. आता तर कुणी सांगायच्या आधीच ती आपणहून उजवा हात वर करून उभी राहते.