काचेवरचं कोलम

साईराम कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि त्याची काचेची टाकी आईच्या, हिराबाईंच्या, गळ्यात पडली. मासे वर्षाच्या आत गेले. उरली कोळंबीची पिल्लं. तांदळाएवढी, आरपार दिसणारी. उन्हात भिंग धरलं की पोटातला अन्नाचा दोरासुद्धा दिसायचा.

तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या त्या गल्लीत हिराबाईंचा नेम कधी चुकला नाही. उजाडताना दारात तांदळाच्या पिठाचं कोलम, ठिपके आणि रेघांची रांगोळी, मुंग्यांच्या मुखी पडावं म्हणून. मग तुळस. मग टाकीत चिमूटभर पीठ. कुठल्या तरी जिवाला घातल्याशिवाय त्या घास घेत नसत. पीठ टाकताना चार शब्द बोलत. घरात मराठी ऐकायला आता एवढेच जीव उरले होते.

मार्गळी या थंडीच्या महिन्यात एका सकाळी कोळंबी काचेला आतून चिकटून बसली होती. ठिपक्यांसारखी, ओळीत. दुसऱ्या दिवशी ठिपके सांधले गेले. दारातलंच कोलम; डावीकडचं वेटोळं त्यांच्या हातून चुकलं होतं, तेही तसंच.

शेजारची रम्या बँकेत जाता जाता डोकावली नि हसली. "कोळंबीच ती, हिरामामी! कोलम नाही घालणार तर काय इडली वाफवणार?"

हिराबाईही हसल्या. पण पुढं उलटंच होऊ लागलं. काचेवर आधी उमटे, आणि मग दारात त्यांचा हात आपोआप तसाच वळे.

त्या गुरुवारी काच कोरी होती. कोळंबी तळाच्या वाळूवर निपचित. टाकलेलं पीठ वरच तरंगत राहिलं.

हिराबाईंनी पिठाचा डबा खाली ठेवला. कोलम घालत नाहीत ते कुठल्या घरी? जिथलं माणूस गेलंय, त्या घरी. आणि या घरची माणसं म्हणजे त्या आणि साईराम.

त्यांनी अमेरिकेला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला.

"झोपला असेल हो मामी," रम्या म्हणाली. "तिकडं रात्र आहे. उगीच मनात आणू नका. जेवा बघू."

"यांनी खाल्लं नाही गं. मी कशी जेवू?"

रम्या गेल्यावर त्यांनी पीठ पाण्यात कालवलं. सणाला घालतात तशी लाल कावी, म्हणजे गेरू, त्यात मिसळली. काचेवर, बाहेरून, बोटानं कोलम काढलं. अमंगळ असेल ते मोडू दे, म्हणाल्या, आणि देवापुढं जपाला बसल्या.

जप आटोपून आल्या, तर काच स्वच्छ होती.

बाहेरून हात फिरवला. कोरडी. पिठाचा कण नाही.

भिंग लावलं. सगळी कोळंबी काचेशी आली होती. एकेकीच्या पोटात बारीक लाल दोरा.

फोन वाजला.

"अम्मा."

साईरामच! त्यांना रडू कोसळलं. "कुठं होतास रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे."

एरवी त्यांचा शब्द तिकडं पोचून उत्तर यायला वेळ लागे, मागं खरखर असे. आज खरखर नव्हती. उत्तर लगेच आलं, अगदी शेजारून.

"जेवलास?"

"आत्ताच. पोट भरलं. पण अम्मा, उद्या नुसतं पीठ घाल. कावी घशाला लागते."